तायवोची मुलाखत

"एकच," आढावसाहेब म्हणाले आणि त्यांनी एक बोट वर केलं.

समोरच्या मुलीनं दोन बोटं वर केली.

त्यांनी पुन्हा एक दाखवलं. तिनं पुन्हा दोन. तिच्या मागे तीस मुलांची रांग उभी होती आणि लिमलेटच्या गोळ्यांचा डबा आढावसाहेबांच्या काखेत होता. लंडनहून निघताना त्यांनी तो मुद्दाम बॅगेत घातला होता.

"बाई, ही बघा हावरट," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "आमच्या राहुरीच्या शाळेत दर वर्गात अशी एक असायचीच."

मी कॅमेऱ्यातून डोळा न काढता म्हटलं, "द्या हो. लेकरू आहे."

"हिला दोन दिल्या तर मागच्या तिसांनी काय पाप केलंय?"

त्यांनी एक गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. ती रडली नाही, हट्टही केला नाही. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून खाली गेली, शेवटच्या पायरीवर गोळी ठेवली आणि तिच्याशेजारी हात मांडीत घेऊन बसून राहिली. बाकीच्या मुलांचे गाल फुगलेले होते. हिनं गोळीला नंतर बोटसुद्धा लावलं नाही. जरा वेळानं मुंग्या आल्या.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पायरी, गोळी आणि मुंग्यांची रांग. मुलीचा फक्त गुडघा आलाय, त्यावर खरचटलेलं आणि जांभळं औषध लावलेलं.

ही गोष्ट शहात्तर सालच्या जानेवारीची. माझे यजमान तेव्हा नायजेरियात, इबादानला, एका शाळेत गणित शिकवत होते. मी साताऱ्याच्या फोटो स्टुडिओवाल्याची मुलगी. वडिलांच्या डार्करूममध्ये लहानाची मोठी झालेली. इबादानमधल्या भारतीय मंडळींचे पासपोर्टचे फोटो मी घरच्या घरी काढून द्यायची. त्यावरून माझं नाव आढावसाहेबांपर्यंत पोचलं. ते मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती, पन्नाशीतले. आधी मास्तर, मग पत्रकार. लंडनच्या एका चर्चच्या मदतसंस्थेसाठी ते निराधार मुलांवर आणि त्यांच्या श्रद्धेवर एक पुस्तिका करत होते. त्यांचा फोटोग्राफर हिवतापानं पडला, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं की इथे एक बाई आहे, कॅमेरा चालवते, आणि तुमचीच भाषा बोलते.

यजमान म्हणाले, "जा. पाच दिवसांचा प्रश्न आहे. मी भात लावून खाईन."

इबादानपासून जीपनं चार तासांवर एक गाव, गावाबाहेर मिशनचं बालगृह. पत्र्याची बैठी इमारत, तांबड्या मातीचं अंगण. त्या दिवसांत वाळवंटाकडून कोरडा वारा येतो आणि सगळीकडे बारीक धूळ उतरते. सूर्यसुद्धा दुधात पडल्यासारखा दिसतो. बालगृह चालवायच्या सिस्टर ऑगस्टा, वीस वर्षांपूर्वी आयर्लंडहून आलेल्या. उंच, थकलेल्या, नेहमी कसली तरी किल्ली शोधणाऱ्या.

पुस्तिकेचं स्वरूप ठरलेलं होतं. एका मुलाला एक पान. वर फोटो, खाली नाव, वय आणि मुलाच्या तोंडचे चारदोन शब्द. आढावसाहेब मुलाखती घेत, मी फोटो काढी. मुलं योरुबा बोलत, म्हणून गावातल्या शाळेच्या एक शिक्षिका, मिसेस अदेओला, मध्ये बसत. पहिल्याच सकाळी आढावसाहेबांनी त्यांना बजावलं होतं.

"मी विचारीन तेवढंच विचारा. मूल बोलेल तेवढंच मला सांगा. तुमच्या पदरचा एक शब्द नको. लोक मध्ये रंग भरतात आणि मग मुलाचं बोलणं मुलाचं राहत नाही."

"एक शब्दही नाही," मिसेस अदेओला म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पंखा काढला आणि वारा घेत बसल्या.

गोळीवाल्या मुलीचा नंबर सकाळीच लागला होता. नाव केहिंदे, वय सहा. आई-वडील नाहीत. एक म्हातारी आजी तिला खेड्यावरून घेऊन आली होती आणि फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली चटई टाकून राहिली होती. तिला सगळे इया म्हणत, म्हणजे आई. शनिवारी ती परत जायची होती. मुलगी इथे ठेवायची की परत न्यायची, हे अजून नक्की नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "म्हातारीचं मन होत नाही. आणि तिला स्वतःला श्वास लागतो, तुम्ही ऐकलंच असेल. ती गेल्यावर त्या पोरीला खेड्यात कोणी नाही."

केहिंदेनं मुलाखतीत काहीच सांगितलं नव्हतं. हो आणि नाही, एवढंच. आढावसाहेबांनी वहीत लिहिलं होतं, 'लाजाळू. विशेष नाही.'

दुपारी तीनच्या सुमाराला इया एका मुलाला घेऊन आली. पांढरा झगझगीत सदरा, डोक्यावर विणलेली गोल टोपी, कानांपर्यंत ओढलेली. चेहरा केहिंदेचाच.

"हा तायवो," मिसेस अदेओला म्हणाल्या.

"जुळी आहेत वाटतं," आढावसाहेब मला म्हणाले. मग मिसेस अदेओलांना विचारलं, "जुळा भाऊ?"

"जुळा भाऊ," त्या म्हणाल्या.

मी त्याला निळा रंग दिलेल्या भिंतीपुढे उभं केलं. सकाळी केहिंदेला जिथे उभं केलं होतं तिथेच. तो हात सरळ सोडून ताठ उभा राहिला आणि भिंगात असा बघत राहिला की मलाच कॅमेऱ्यातून बाहेर यावंसं वाटलं. फोटो झाल्यावर मी म्हटलं, "दोघांचा एकत्र एक घेऊ. बहिणीला बोलवा."

मिसेस अदेओलांनी इयाला विचारलं. इया बराच वेळ बोलली.

"ती म्हणते, दोघं एकत्रच आहेत. पण एका वेळी एकच येईल."

"म्हणजे? ती मुलगी झोपलीय का?"

पुन्हा विचारणं, पुन्हा उत्तर.

"म्हणते, झोपलेली नाही."

"मग रुसलीय का? सकाळच्या गोळीवरून?"

"म्हणते, तिला रुसायला आता वेळ नाही."

आढावसाहेब हसले. "जाऊ द्या बाई. आमच्याकडेही जुळ्यांना एकत्र दृष्ट लागते म्हणतात. वेगळंवेगळं चालेल." आणि त्यांनी वहीचं नवं पान उघडलं.

ती मुलाखत मी शेजारी बसून ऐकली. फिल्म बदलत होते, पण हात थांबला.

"तुला इथे आवडलं का?"

"मी अजून इथे आलेलो नाही. केहिंदे राहिली तर राहीन."

"आज काय जेवलास?"

"केहिंदे जेवली की माझं होतं."

"रात्री भीती वाटते का?"

"नाही. ती झोपते, मी बघत असतो."

"प्रार्थना करतोस?"

मुलगा जरा विचारात पडला. मिसेस अदेओलांचा पंखा थांबला होता.

"केहिंदे करते. मी ऐकतो."

आढावसाहेबांची पेन्सिल थांबली, मग भराभर चालायला लागली. शेवटी त्यांनी विचारलं, "मोठा झाल्यावर काय करणार?"

"मी पुढे जाऊन बघून येतो. चांगलं असलं तर तिला बोलावतो. अजून बोलावलेलं नाही."

त्या संध्याकाळी जेवताना आढावसाहेब वेगळेच होते. उकडलेल्या रताळ्याचा तुकडा हातात तसाच. "बाई, वीस वर्षं मी हे काम करतोय. बिशपांच्या मुलाखती घेतल्या. 'ती प्रार्थना करते, मी ऐकतो' असं मला कोणी सांगितलं नाही. सहा वर्षांचं पोर हो. हे पान पुस्तिकेत पहिलं."

"आणि बहीण?"

"बहीण राहील चौदाव्या नंबरला. हावरट आहे, पण तिचाही फोटो छापू."

दुसऱ्या दिवशी मोजणीचा घोळ सुरू झाला. सिस्टरांच्या यादीत एकतीस मुलं. आढावसाहेबांच्या वहीत बत्तीस. त्यांनी नाश्त्याला बाकांवरून फिरत डोकी मोजली. एकतीस. पुन्हा मोजली. एकतीस.

"बाई, तुमच्या फिल्मवर किती?"

"बत्तीस. मी प्रत्येकाचे दोन घेतलेत."

"मग एक पोर जातंय कुठे?"

"म्हाताऱ्या बाईजवळ असेल. तो तायवो."

फाटकाजवळ गेलो तर इया शेंगदाणे सोलत बसली होती आणि केहिंदे तिच्या पाठीला टेकून बसली होती. तायवो कुठे, असं मी नुसतं नाव घेऊन, हात हलवून विचारलं. इयानं हसून केहिंदेकडे बोट केलं. मला वाटलं, तिला माझा प्रश्न कळला नाही. केहिंदेपुढे दोन ढीग होते, मोजून सारखे केलेले. त्यातला एक ती खात होती.

दुपारी मी सिस्टरांच्या चादरींच्या खोलीत डार्करूम थाटली. खिडकीला घोंगड्या, तांबडा दिवा, इस्त्रीच्या टेबलावर एन्लार्जर. तो मी जीपमध्ये गादीत गुंडाळून आणला होता. फिल्म वाळल्यावर केहिंदेचा आणि तायवोचा असे दोन मोठे प्रिंट काढले. पहिलं पान म्हणून आढावसाहेबांना दाखवायचे होते. डेव्हलपरच्या थाळीत कागदावर आधी टोपी उमटली, मग डोळे, मग सदऱ्याखालचा डावा गुडघा.

गुडघ्यावर खरचटलेलं होतं. आणि औषधाचा डाग, खाली ओघळलेला, शेवटी जरा डावीकडे वळलेला.

मी केहिंदेचा प्रिंट शेजारी धरला. जुळ्यांचे चेहरे सारखे असतात, पण औषधाचे ओघळ नसतात.

दार उघडून आढावसाहेबांना हाक मारली. त्यांनी भिंग लावून दोन्ही गुडघे पाहिले. एकदा, दोनदा.

"एकच पोर आहे," ते म्हणाले.

"हो."

"पण का?"

मिसेस अदेओला व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. आढावसाहेबांनी दोन्ही प्रिंट त्यांच्यापुढे ठेवले. अजून ओलेच होते.

"हा मुलगा नाहीच."

"आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे होता. दोन वर्षांपूर्वी गोवरानं गेला."

"मग मी काल कोणाशी बोललो?"

"तायवोशी."

"तो मेलाय असं तुम्हीच म्हणता."

"हो."

आढावसाहेब खाली बसले. मिसेस अदेओलांनी वही मिटली आणि, मला वाटतं, आमची दया येऊन, पहिल्यांदाच स्वतःच्या पदरचं बोलल्या. योरुबांच्यात जुळी फार. जुळ्यांचा जीव एकच असतो, दोघांत वाटलेला. एक गेलं तर दुसरं त्याच्या मागे जायची भीती. म्हणून गेलेल्याची लहानशी लाकडी बाहुली करून घेतात. तिला न्हाऊ घालायचं, जेवू घालायचं, कपडा नेसवायचा. जिवंत असलेल्याला जे द्याल ते तिलाही द्यायचं. तायवो हा आधी जन्मणारा. मागून येणारी केहिंदे थोरली समजायची. तीच त्याला पुढे पाठवते, जग कसं आहे ते बघून ये म्हणून.

"आणि बाहुली?" मी विचारलं.

"ती म्हातारीच्या गाठोड्यात आहे. इथे आत आणायची परवानगी नाही. मिशनमध्ये मूर्ती चालत नाही, सिस्टरांचा नियम आहे. पण प्रत्येक मुलाला घरचा एक फोटो उशाशी ठेवता येतो, तोही नियमच. फोटोला कोणी मूर्ती म्हणत नाही. गावात आता पुष्कळ जण असंच करतात, ख्रिस्तीसुद्धा, मुसलमानसुद्धा. राहिलेल्या मुलालाच दोन्ही पोशाखांत उभं करायचं आणि फोटोवाल्यानं दोघांना एका कागदावर आणायचं. इयानं तुम्हाला पाहिलं आणि तिला वाटलं, देवानंच धाडली." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तो फोटो मिळाला तर पोर इथे राहील. नाही तर शनिवारी ती तिला घेऊन जाणार. एकाला आत ठेवून दुसऱ्याला फाटकाबाहेर नेणार नाही ती."

"हे तुम्ही मला काल का सांगितलं नाही?" आढावसाहेबांचा आवाज चढला होता.

"माझ्या पदरचा एक शब्द नको होता तुम्हाला."

संध्याकाळपर्यंत ते अंगणात फेऱ्या मारत होते. मी कपड्यांच्या दोरीला प्रिंट लावत होते, तिथे येऊन उभे राहिले.

"ते पान मी काढून टाकतोय. आणि बाई, ती निगेटिव्ह कापून टाका."

"फोटो खोटा नाही. मुलगी उभी होती."

"मुलगी उभी होती, मुलगा नव्हता. नाव खोटं, मुलाखत खोटी. आणि तुम्ही एका कागदावर दोघं आणलीत तर तो नुसता खोटाच नाही, तो देवाच्या घरात चोरून नेलेला देव आहे. सिस्टरांनी आपल्याला विश्वासानं आत घेतलंय." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा देव्हाऱ्यातले टाक नेऊन प्रवरेत सोडले. सगळे. मेलेल्यांचेही. बरोबरच केलं त्यांनी. पण आजी त्यानंतर कधी नदीकडे पाठ करून बसली नाही. चर्चमध्येसुद्धा नाही. मी लहानपणी तिला खूप हसलोय."

ते आपल्या बाजूनं बोलत होते की म्हातारीच्या, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

मलाही माझी बाजू ठाऊक नव्हती. साताऱ्याला आमच्या स्टुडिओत जोडफोटो व्हायचे. नवरा आज बसायचा, शेजारची खुर्ची रिकामी, आणि वारलेल्या बायकोचा चेहरा जुन्या फोटोवरून काढून वडील त्या खुर्चीवर बसवायचे. पदर, हात, सगळं रंगवून. लोक डोळे पुसत घेऊन जायचे. ते खोटं, असं आम्हाला कधी वाटलं नाही. पण तो आमचा धंदा होता. इथे मी सत्य दाखवायला आले होते, तशा कागदावर सहीही केली होती.

शुक्रवारी सकाळी इया मिसेस अदेओलांना घेऊन माझ्याकडे आली. पायऱ्या चढताना तीनदा थांबली. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. बसली आणि म्हणाली, "फोटो."

मी म्हटलं, "इया, असा फोटो करायला मला मनाई आहे."

"तुमच्या देशात मुलं मरत नाहीत?"

"मरतात."

"मग त्यांना काय देता?"

मी कॅमेऱ्याच्या पेटीचा आतला कप्पा उघडला. तिथे फिल्मच्या रिकाम्या डबीत आईचा टाक होता. माझी आई वडिलांची दुसरी बायको. पहिली बाळंतपणात गेली. तेव्हाच्या रीतीप्रमाणे आईच्या गळ्यात लग्नातच सवतीचा टाक घातला. चांदीच्या एवढ्याशा पत्र्यावर उठवलेली एक बाई. आई रोज सकाळी आधी तिला कुंकू लावायची, मग स्वतःला. नवं लुगडं आलं की टाकाला त्याचा पदर टेकवायचा, मग नेसायचं. लहानपणी माझी समजूत होती की मला दोन आया आहेत, त्यातली थोरली जेवत नाही. आई गेल्यावर टाक माझ्याकडे आला. देव्हाऱ्यात ठेवावा तर ती आमची देवता नव्हे. गळ्यात घालावा तर ती माझी सवत नव्हे. म्हणून तो डबीत.

इयानं टाक हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. अंगठ्यानं घासून घासून गुळगुळीत झालेला चेहरा तिनं आपल्या अंगठ्यानं चाचपला, जणू कोणी पाहुणी आलीय. मी सगळं सांगितलं, मिसेस अदेओलांनी तिला सांगितलं. ती मान हलवत ऐकत होती. जुनी गोष्ट पुन्हा ऐकतो तशी.

मग तिनं एकच विचारलं.

"हिचं नाव काय?"



आई तिला थोरली म्हणायची. वडील, मला आठवतंय, काहीच म्हणायचे नाहीत. आजीही थोरलीच म्हणायची. छत्तीस वर्षांची मी, बारा वर्षं तिला जवळ बाळगून हिंडत होते.

"ठाऊक नाही," मी म्हटलं.

मिसेस अदेओलांनी त्याचं भाषांतर केलं नाही. इयाला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तिनं टाक दोन्ही हातांनी मला परत दिला आणि काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बिचारी."

टाकाला की मला, हे मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी आठ वाजता मी घोंगड्या पुन्हा लावल्या. एक कागद घेतला. काळ्या पुठ्ठ्यानं उजवी बाजू झाकून डावीकडे केहिंदे उतरवली. मग पुठ्ठा सरकवला आणि उजवीकडे तायवो. निळी भिंत दोघांच्या मध्ये सलग आली, सांधा शोधूनही सापडेना. वडिलांनी शाबासकी दिली असती. हायपोच्या पाण्यातून काढून धूत होते तेव्हा दार वाजलं.

आढावसाहेब होते. मला वाटलं, आता हा माणूस कागद फाडणार. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. पाण्याखाली दोन मुलं शेजारीशेजारी उभी होती.

"सांधा दिसत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मी यात नाही, बाई."

"मी कुठे म्हटलं तुम्ही आहात?"

ते गेले. मी प्रिंट वाळवून, पाठीमागे पुठ्ठा लावून फाटकाशी नेला. इयानं तो किती वेळ पाहिला कोण जाणे. मग केहिंदेपुढे धरला. केहिंदेनं आधी तायवोवर बोट ठेवलं, मग स्वतःवर, मग माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

सिस्टर किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. इयानं सही म्हणून अंगठा दिला. मुलीचं बोचकं तपासलं गेलं. कपडे, एक वाटी, फोटो. सिस्टरांनी फोटो हातात घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"जुळी? माझ्या यादीत एकच आहे. हा मुलगा कोण?"

मिसेस अदेओला दूर बघायला लागल्या. इयाला इंग्रजी कळत नव्हतं, पण तिनं केहिंदेचा हात घट्ट धरला. तो हात सुटतो की नाही, एवढंच आता उरलं होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला माहीत होतं की खरं सांगितलं तर तो फोटो बाहुलीच्या मागोमाग फाटकाबाहेर जाणार, आणि खोटं सांगायला जीभ उचलेना.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या आढावसाहेबांकडे. विचारायचं तर संस्थेच्या माणसालाच. "तुम्हाला माहीत आहे हा कोण?"

आढावसाहेबांनी कोटाच्या खिशातून वही काढली. पानं उलटली. मुलाखतीत शब्द इकडचा तिकडे झाला तर रात्रभर न झोपणारा माणूस तो. त्यांनी तायवोचं पान उघडलं, चष्मा लावला आणि वाचल्यासारखं म्हणाले,

"तायवो. हिचा भाऊ. तो गेला, सिस्टर. पण मी त्याच्याशी बोललोय."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. वीस वर्षं त्या गावात राहिलेली बाई. त्यांना काय समजलं आणि काय समजून घ्यायचं नव्हतं, मला सांगता येणार नाही. "घरचा फोटो आहे," त्या अखेर म्हणाल्या. "एक चालतो." आणि त्यांनी तो बोचक्यात परत ठेवला.

इयानं हात सोडला. गाठोडं डोक्यावर घेऊन ती फाटकातून बाहेर पडली. गाठोड्यातली बाहुली ती घरी ठेवायला नेत होती की कायमची पोचवायला, कोणास ठाऊक. केहिंदे तिच्या मागे धावली नाही. फोटो छातीशी धरून आत गेली.

परतीच्या जीपमध्ये आढावसाहेब वही मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "बाई, मी खोटं बोललो का?"

"माहीत नाही."

"मलाही."

पुस्तिका त्या वर्षी निघाली. पानं एकतीस. आढावसाहेबांनी तायवोचं पान घातलं नाही, आणि फाडलंही नाही. त्यांच्या मुलीनं ते वारल्यावर वही मला पाठवली, त्यात ते आहे. मिसेस अदेओलांची नाताळची पत्रं पाच-सहा वर्षं येत होती. इया त्याच पावसाळ्यात गेली. केहिंदे चौथीत गेली, धडधाकट होती. प्रत्येक गोष्ट दोन मागायची, आणि सिस्टरांनी आता कटकट करणं सोडलं होतं.

आफ्रिकेतून परतल्यावर मी पहिल्यांदा वाईला आत्याकडे गेले. ती तेव्हा ऐंशीची होती. मी टाक तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "हिचं नाव काय होतं?"

"थोरली की."

"अगं, नाव. सासरचं."

"थोरलीच म्हणायचे. दीड वर्ष तर होती."

"मग माहेरचं?"

मलाच काही कळत नाही अशा नजरेनं आत्या माझ्याकडे बघत म्हणाली, "तेव्हा ती आपली कुठे होती?"

आता मीच चौऱ्याऐंशीची आहे. विचारायला कोणी उरलेलं नाही. टाक डबीतून काढून खिडकीत ठेवलाय, आढावसाहेबांच्या वहीवर. सकाळी चहा करते तेव्हा दोन कप भरते. एक माझा, एक तिच्यापुढे. तोंडातून हाक यायला होते, पण कोणत्या नावानं मारावी, हे मला अजून कळलेलं नाही.